पोटातलं वळं आणि सोमवारचा मुआयना

डाक्टरीणबाईंनी ते वळं आधी माझ्या तळहातावर ठेवलं. चांदीची बारीक तार गोल गुंडाळून केलेलं, पावलीपेक्षा थोडं मोठं. मला वाटलं होतं, काहीतरी लोखंडी, अवजड असेल. हे तर लहान मुलीच्या बाहुलीची बांगडी वाटावी असं होतं.

"हे आत बसवायचं," त्या म्हणाल्या. "ते जागेवर आहे तोवर सहसा दिवस राहत नाहीत. अगदी छातीठोक सांगत नाही मी. विलायतेत बायका वापरतात, तिथंच मी शिकले. आपल्याकडच्या बऱ्याच डॉक्टरांना हे पसंत नाही, तेही सांगून ठेवते."

"आणि न बसवलं तर?"

"ते मागच्या बाळंतपणात तुम्हाला कळलंय, बाई."

कळलं होतं. आठ वर्षांत माझी चार बाळंतपणं झाली होती. दोन मुली जगल्या. चौथ्या वेळी मूल पोटातच गेलं आणि नंतर रक्त थांबेना. बाजेखाली टाकलेली राख सुईणीनं तीनदा बदलली, एवढंच मला आठवतं. मी वाचले, पण पुढं चार महिने भिंत धरून चालत होते. सोलापूरच्या माझ्या थोरल्या बहिणीनं मला या डाक्टरीणबाईंकडं नेलं, तेव्हा त्यांनी तपासून सरळच सांगितलं होतं की आणखी एक बाळंतपण मला झेपणार नाही.

तेव्हा आमच्या भागात निजामाचं राज्य होतं. अणदूरच्या मुलींच्या शाळेत मी मास्तरीण होते. शाळेत आम्ही दोघीच. एक मी आणि एक सदर मुअल्लिमा, म्हणजे मुख्य बाई. त्या हैदराबादकडच्या होत्या, वयानं माझ्याहून पंधरा-वीस वर्षांनी मोठ्या, शिस्तीच्या कडक. मुली त्यांना आपा म्हणायच्या, म्हणून मीही आपाच म्हणायचे. शाळेबाहेर त्यांच्याशी मी कधी चार शब्द बोलले नव्हते.

घरात आम्ही लिंगायत. मालकांचं बाजारात किराणा दुकान होतं. घर चालायचं सासूबाईंच्या शब्दावर. त्यांचं माहेर कर्नाटकातलं, म्हणून सगळं घर त्यांना अव्वा म्हणायचं. अव्वांना नातू हवा होता. त्या तो मागून भांडायच्या नाहीत, छळायच्या नाहीत. पण रोज पूजा झाली की माझ्या पोटाकडं एकदा बघायच्या. ते बघणं मला बोलण्यापेक्षा जड जायचं.

मालक तयार झाले ते भीतीनं. त्या राखेच्या टोपल्या त्यांनीच बाहेर नेऊन टाकल्या होत्या. फक्त म्हणाले, "अव्वाला कळू द्यायचं न्हाई. दाढ काढायची म्हणून सांग." मी तेच सांगितलं. शाळेत तीन दिवसांच्या रजेचा अर्ज दिला, त्यातही दाढच लिहिली.

शुक्रवारी, निजामाकडच्या शाळांच्या सुट्टीच्या दिवशी, वळं बसवलं. ते किती दुखलं हे मी सांगत बसत नाही. बाळंतपणाएवढं नाही, पण बाळंतपणात ओरडता येतं. इथं बाहेर दुसऱ्या बायका बसल्या होत्या, म्हणून मी बहिणीच्या मनगटात नखं रुतवली. नंतर डाक्टरीणबाईंनी हात धुता धुता बजावलं, "चार-आठ दिवस पोटात कळा येतील. अंगावरूनही जाईल, त्याला भ्यायचं नाही. जड उचलायचं नाही, बैलगाडीत बसायचं नाही. पण थंडी वाजून ताप आला, तर मात्र त्याच दिवशी माझ्याकडं यायचं. दुसऱ्या दिवसावर टाकायचं नाही. आत विकार झाला तर मला ते काढावं लागेल, आणि उशीर झाला तर काढूनही उपयोग नाही."

हे शेवटचं वाक्य मी बहिणीच्या घरी दोन दिवस पडून मनात घोळवत होते. दर तासाला स्वतःच्या कपाळाला हात लावायचा आणि तो हातच गरम आहे की कपाळ, हे ठरवता यायचं नाही.

रविवारी दुपारच्या मोटारीनं निघाले. निजामाच्या हद्दीवर करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्याला सगळ्यांना खाली उतरवलं. शिपायानं माझं गाठोडं सोडलं. वर मुलींसाठी घेतलेला खाऊ, खाली कापसाच्या घड्यांचा ढीग. त्यानं एक घडी उचलली, उलटीसुलटी केली आणि विचारलं, "ये काय आहे? इतका कापूस कशाला?" मागं रांगेतली माणसं बघायला लागली. मी म्हणाले, "दाढेला." त्यानं ढिगाकडं बघितलं, माझ्या गालाकडं बघितलं. मग मागची एक म्हातारी त्याच्यावर खेकसली, "बायामाणसाचं बोचकं हाय ते, ठिव की खाली!" त्यानं घडी टाकली आणि पुढच्या माणसाकडं वळला. मोटारीत चढताना ओटीपोटात अशी कळ आली की पायरीवरच मी क्षणभर थांबले.

घरी पोचले, गालाला फडकं बांधूनच. अव्वांनी मऊ भात केला होता. मी जेवत होते तोच शाळेची शिपाईण दारात आली.

"बाई, आपांनी सांगावा धाडलाय. उद्याच मुआयना हाय. इन्स्पेक्टरीणबाई नळदुर्गाहून इथंच येणार हायती. रजा-बिजा काय न्हाई म्हनल्या, दोन्ही मास्तरणी पायजेत."

शाळेची तपासणी वर्षातून एकदाच व्हायची, आणि दोन बायकांच्या शाळेत एक बाई हजर नाही असं वर कळलं तर शाळाच बंद करायची चर्चा निघायची. दोन वर्षांपूर्वी शेजारच्या एका गावात ते झालं होतं. मी अव्वांकडं बघितलं. त्या म्हणाल्या, "दाढ तर हाय. पाय थोडेच मोडलेत? जा की."

आमच्या घरात पाळीच्या दिवसांत बाजूला बसायची पद्धत नव्हती. एरवी त्याचं मला बरं वाटायचं. त्या आठवड्यात मात्र इतर घरांतल्या बायकांचा हेवा वाटला. त्यांना निदान कोपरा तरी मिळत होता.

सोमवारी उठले तेव्हा अंगावरून जाणं वाढलं होतं. मुआयन्याला दोघींनी पांढरं नेसायचं, हा आपांचा नियम. मी ट्रंकेतून पांढरं पातळ काढलं, आत घड्यांवर घड्या घेतल्या आणि शाळेपर्यंत अशी गेले की जणू डोक्यावर भरलेली घागर आहे.

इन्स्पेक्टरीणबाई दहा वाजता आल्या. आधी हजेरीचं पुस्तक, मग मुलींची नखं, केस, मग कविता. मी दुसरी-तिसरीच्या मुलींसमोर उभी. उभं राहून दीड तास झाला असेल. पोटात आतून कुणी चिमटा धरून पिरगाळावं तसं होत होतं. मी कविता म्हणून घेत होते, पण माझं लक्ष कंबरेखाली. आणि मग जे व्हायचं ते झालं. एकदम ऊब पसरली. पातळ मागून ओलं झाल्याचं मला कळलं.

मी मागं सरकले आणि पाठ भिंतीला टेकवली.

इन्स्पेक्टरीणबाई म्हणाल्या, "आता गणित. बाई, हातच्याची वजाबाकी मुलींना फळ्यावर समजावून दाखवा."

फळा माझ्या उजव्या हाताला, चार पावलांवर. तिथं जायचं म्हणजे चाळीस मुलींकडं, इन्स्पेक्टरीणबाईंकडं आणि दारातल्या गावच्या दोन मानकऱ्यांकडं पाठ करायची. मी खडू हातात धरून उभी राहिले. पाय उचलेना. इन्स्पेक्टरीणबाईंनी पुन्हा सांगितलं. आवाजात आता चीड होती.

आपा त्यांच्या बाजूला उभ्या होत्या. त्यांनी माझ्या तोंडाकडं बघितलं, मग भिंतीला चिकटलेल्या माझ्या पाठीकडं. एवढंच. पुढं झाल्या, माझ्या हातातला खडू घेतला आणि पहिल्या रांगेतल्या मुलीला दिला.

"बाई तर रोजच करतात," आपा हसून म्हणाल्या. "आज मुलींनाच करू द्या. त्यांना येतं की नाही ते तुम्हाला कळेल."

मुलगी फळ्याकडं गेली. तिनं हातचा बरोबर घेतला. दुसरीनंही घेतला. इन्स्पेक्टरीणबाईंचा चेहरा सैल झाला, त्यांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग मंडळी पलीकडच्या खोलीत आपांचा वर्ग बघायला गेली. मुलींना मी जागेवर बसून पाढे लिहायला लावले आणि भिंत सोडली नाही.

थोड्या वेळानं आपा एकट्याच परत आल्या. हातात त्यांचा काळा बुरखा.

"पहनो," त्या हळूच म्हणाल्या. "घर जाओ. सीधे."

"आपा, मुआयना..."

"मुआयना मैं देख लूंगी. मेरे कू सब मालूम है, दाढ-बिढ कुछ नको बोलो." त्यांनी स्वतःच तो माझ्या डोक्यावरून घातला, बटणं लावली. त्यांचे हात गार होते. घरी जाताना स्वतः काय घालणार, हे विचारायचं मला सुचलं नाही. नंतर कळलं, त्या शिपाईणीची चादर पांघरून गेल्या. सगळ्या आयुष्यात त्या अशा कधी रस्त्यावर आल्या नसतील.

अणदूरच्या बाजारातून मी त्या दिवशी बुरखा घालून गेले. जाळीतून सगळं ओळखीचं गाव परकं दिसत होतं. आमच्या दुकानावरून गेले, तेव्हा मालक गिऱ्हाइकाला गूळ फोडून देत होते. त्यांनी एकदा वर बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. त्यांना हाक मारावी असं फार वाटलं. पण बुरख्यातली बाई लिंगायत दुकानदाराला हाक मारतेय, असं चित्र झालं असतं. मी पुढं गेले.

घराच्या उंबऱ्यात अव्वा ज्वारी पाखडत होत्या. बुरखेवाली बाई सरळ आत येतेय म्हटल्यावर त्या सूप घेऊनच उठल्या.

"कोन वो? कोन पायजे?"

मी जाळी वर केली. अव्वांच्या हातातलं सूप कलंडलं, ज्वारी सगळीकडं सांडली. मी काही बोलणार तोच मला हुडहुडी भरली. दातावर दात आपटायला लागले. ऊन चांगलं कडक होतं आणि मला थंडी वाजत होती.

त्यासरशी मला डाक्टरीणबाईंचं वाक्य आठवलं आणि मी खाली बसले. अव्वांनी बुरखा काढला, पातळ बघितलं. माझ्याभोवती घोंगडं गुंडाळता गुंडाळता विचारलं, "पडलं का गं? दिवस होते का तुला?"

खोटं बोलायची ताकद उरली नव्हती. मी सांगितलं. वळं, डाक्टरीणबाई, सगळं. मालकांना माहीत आहे हेही. आणि थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी जायला सांगितलंय, हेही.

अव्वा उकिडव्या बसून ऐकत होत्या. सांडलेल्या ज्वारीवर एक चिमणी येऊन बसली, तिला त्यांनी हाकललं नाही. मग विचारलं, "आज मंजे आजच?"

"आजच."

"चारची मोटार हाय." त्या उठल्या. "पोरींना शेजारी ठिवते. त्याला दुकान बंद करू दे न्हाईतर न करू दे, मी येते तुझ्यासंगं. पुरुषमाणूस तिथं काय करणार?"

मोटारीत त्यांनी मला खिडकीशी बसवलं आणि धक्के लागू नयेत म्हणून खाली आपलं घोंगडं चौपदरी घातलं. ताप चढत होता. मला वाटत होतं, आता मी मेले तर या मुलींना कोण बघेल. आणि वाचले, तर अव्वांना मी तोंड कसं दाखवू. नाक्यावर शिपाई आला, तेव्हा अव्वा त्याला म्हणाल्या, "तापानं फणफणलेली हाय, उतरणार न्हाई ती." आणि तो गप पुढं गेला.

दिवेलागणीला दवाखान्यात पोचलो. डाक्टरीणबाईंनी माझं पोट सगळीकडं दाबून बघितलं. "इथं दुखतं? इथं? खरं सांगा." कळा होत्या, पण दाबल्यावर जीव जावा असं काही नव्हतं. डाव्या बरगडीखाली मात्र त्यांची बोटं थांबली. "पाणथरी, म्हणजे प्लीहा, वाढलेली दिसतेय. तुमच्याकडं हिवताप आहे का सध्या?"

"घरटी हाय," अव्वा म्हणाल्या. "नदीकाठचं गाव, पाऊस आत्ता उघडला."

डाक्टरीणबाई खुर्चीवर बसल्या. "हा ताप हिवतापाचा असू शकतो, नाहीतर वळ्याचा. आज रात्रीत मला ठरवता येत नाही. काढून टाकायचं असेल तर आत्ता काढते, मग धोका नको. पण काढलं की काढलं. इतक्यात पुन्हा बसवायची नाही मी." त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि नंतर, मला वाटतं सवयीनं, घरातल्या थोरल्या बाईकडं.

मला तो क्षण अजून दिसतो. मी अव्वांकडं बघायचं धाडस केलं नाही. त्यांच्या तोंडून "काढा" आलं असतं तर मी नाही म्हणू शकले नसते. ताप होता, भीती होती, आणि घर त्यांचं होतं.

अव्वांनी विचारलं, "कशाचं असतंय ते? दावा की मला."

डाक्टरीणबाईंनी डबीतून दुसरं एक वळं काढून दिलं. अव्वांनी ते दिव्याजवळ धरलं, बोटानं दाबून बघितलं. त्यांचा दुसरा हात गळ्यातल्या, इष्टलिंग ठेवायच्या चांदीच्या चौक्यावर गेला होता.

"चांदी हाय," त्या म्हणाल्या. "चांदी अंगाला बाधत न्हाई." मग डाक्टरीणबाईंना म्हणाल्या, "माझी बारा बाळंतपणं झाली, बाई. आठ गेली. मला कुनी इचारलं न्हाई, हवं का नको. तिला इचारा."

डाक्टरीणबाईंनी मला विचारलं.

मी म्हणाले, "राहू द्या. पण मला इथंच ठेवून घ्या."

त्यांनी बोटातून रक्त काचेवर घेऊन मोठ्या इस्पितळात तपासायला पाठवलं. त्याचं उत्तर यायला दोन दिवस लागणार होते. तोवर दर तीन तासांनी ताप बघायचा आणि पोट दाबायचं. पोट दुखायला लागलं की लगेच काढायचं, असं ठरलं.

मंगळवारी पहाटे घाम येऊन ताप उतरला. दिवसभर आला नाही. मी बरी आहे असं मला वाटलं, पण डाक्टरीणबाई म्हणाल्या, "बुधवार जाऊ दे," एवढंच. अव्वा खाटेशी जमिनीवर बसून होत्या. मधेच एकदा त्यांनी विचारलं, "मुलगा न्हाई म्हनून तुला काय वाटत न्हाई?" मी म्हणाले, "वाटतं. पण मरायची भीती जास्त वाटते." त्यांनी मान हलवली. पटलं म्हणून की नुसतं ऐकलं म्हणून, ते मला कळलं नाही.

बुधवारी दुपारी, सोमवारच्याच सुमाराला, नखं निळी पडली आणि पुन्हा तीच हुडहुडी. एक दिवसाआड, ठरल्या वेळेला. डाक्टरीणबाई धावत आल्या, पोट दाबलं, आणि मी त्यांना पहिल्यांदा हसताना बघितलं. "हिवताप! द्या कोयनेल." ताप आला म्हणून आनंद झालेली मी एकटीच असेन. अंग थडथडत होतं आणि मी रडत होते, आणि अव्वा माझे पाय दाबून धरत होत्या. संध्याकाळी काचेचं उत्तरही तेच आलं.

कोयनेलनं, म्हणजे क्विनाइननं, कान आठ दिवस गुणगुणत राहिले. मी पुन्हा शाळेत गेले तेव्हा पंधरा दिवस उलटले होते. बुरखा अव्वांनी स्वतः रिठ्यानं धुऊन, घडी घालून दिला होता. मी तो आपांच्या टेबलावर ठेवला.

"मुआयन्याचा शेरा चांगला आला," त्या वहीतून मान वर न करता म्हणाल्या. "और सुनो. महिनाभर वर्ग बसून घ्यायचा. खुर्ची ठेवली आहे." मास्तरणींनी बसून शिकवायचं नाही, हाही त्यांचाच नियम होता.

पहिल्या दिवशी मी त्या खुर्चीवर बसून शिकवलं आणि प्रत्येक कळेबरोबर मनात म्हटलं, आता काही होईल. काही झालं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. कळा कमी होत होत दिवाळीपर्यंत थांबल्या. घरी घागर अव्वाच उचलायच्या. मी हात पुढं केला की "सर बाजूला" म्हणायच्या. पूजेनंतरचं ते बघणं मात्र बंद झालं नाही. फरक इतकाच पडला की आता त्या माझ्या तोंडाकडं बघायच्या.

ते वळं पुढं एकदा बदललं आणि नंतर काढलं. मला पुन्हा दिवस राहिले नाहीत. नातू न बघताच अव्वा गेल्या. दोन्ही मुली शिकल्या, मी चाकरी पुरी करून निवृत्त झाले.

आपा पोलीस ॲक्शननंतर गावातून गेल्या. ते दिवस फार वाईट होते, कुणी कुणाच्या दारात उभं राहत नव्हतं. भाऊ येऊन त्यांना हैदराबादला घेऊन गेला, असं शिपाईणीकडून कळलं. जाताना त्या हजेरीचं पुस्तक आणि शाळेच्या किल्ल्या तिच्याजवळ माझ्यासाठी ठेवून गेल्या होत्या. मी दोन पत्रं घातली. उत्तर आलं नाही. पत्ता बरोबर होता की नाही, हेही मला ठाऊक नाही.